माळावरचे परके पाहुणे



मी कॉलेजात इतिहास शिकवतो. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही गेली चार वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांबरोबर बालाघाटाच्या एका टेकडीवर घाणेरी आणि गाजर गवत उपटण्याचे काम मी करीत आलो आहे. त्या कामातल्या चार गोष्टी आज आपणांस सांगाव्यात असे मनात आहे. त्यांतली पहिली गोष्ट आमच्या फजितीची.

पहिल्या वर्षी आम्ही निघालो ते गणपती उठल्यावर. वेळ सोयीची होती, परीक्षा लांब होत्या. टेकडीच्या पायथ्याशी गाजर गवत कमरेइतके वाढलेले आणि पांढऱ्या फुलांनी डवरलेले. मुलांनी उत्साहाने ते उपटले, भारे बांधले, डोक्यावर घेऊन पाऊलवाटेने रस्त्यापर्यंत आणले आणि तेथे ढीग रचला. फोटो काढले. पुढल्या मृगाच्या पावसानंतर जाऊन पाहतो तो काय, ज्या पाऊलवाटेने भारे नेले तिच्या दोन्ही अंगांना गाजर गवताची हिरवी रांग उभी! पूर्वी तेथे एक रोप नव्हते. एका भरदार झाडाला हजारो बिया येतात, आणि त्या पिकल्यावर आपण झाड हलवले की पेरणीच होते. हे बी आम्ही आमच्या हाताने पेरले होते. शिवाय दोन मुलांच्या हातांना आणि मानेला खाज सुटून पुरळ उठले, ते वेगळेच. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते, त्याने कातडीला विकार होतात, परागाने काहींना दम्याचा त्रास होतो. मी मुलांना हातमोजे दिले नव्हते. चूक माझी.

तेव्हापासून नियम ठरला. पाऊस पडून जमीन ओली असताना, फूल येण्याआधी, मुळासकट उपटायचे. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. फुलापूर्वीचे गवत खड्ड्यात घालून खत करता येते. फूल आलेले असेल तर खताच्या भानगडीत पडू नये आणि ते गावभर मिरवूही नये.

आता हे पाहुणे आले कोठून? गाजर गवत १९५६ साली पुण्याजवळ नोंदले गेले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे आपण सारेच सांगतो. परंतु एकोणिसाव्या शतकातही हिंदुस्थानात त्याचे नमुने गोळा झाले होते, असे अभ्यासक दाखवतात. गोष्ट सोपी असली की ती लोकांच्या तोंडी राहते, पुरावा मागे पडतो. इतिहासाच्या मास्तराला हे नवे नाही. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास आली ती जळणासाठी. म्हणजे यांतली दोन तर आपण पाटावर बसवून घेतलेली आहेत.

घाणेरीचे काम गाजर गवतापेक्षा जड. आम्ही ती कुऱ्हाडीने बुडख्यापाशी तोडीत होतो. तेथे रोजगार हमीवर पूर्वी काम केलेल्या एक मावशी शेळ्या घेऊन येत. दोन दिवस त्यांनी आमची गंमत पाहिली आणि मग म्हणाल्या, "मास्तर, नुसतं मुंडकं छाटून काय व्हतंय? एकाला धा फुटत्याल. खालचा गड्डा काढा की!" मावशींचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी हीच रीत रूढ केली आहे: कुदळीने जमिनीखाली तीन-चार बोटे जाऊन मुख्य मूळ तोडायचे, कारण नवे फुटवे त्याच्या वरच्या भागातून येतात, आणि झुडूप उचलून मुळे आभाळाकडे करून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा मातीला धरत नाही.

पण मावशींनी आणखी एक प्रश्न केला, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. "तुमी पोरं फुकट काम करता. मग आमाला हजेरीचं काम कोन देनार?" मी गप्प बसलो. ज्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ सोसला, तेथे टिकाव-फावड्याचे काम म्हणजे घरातली भाकरी. आम्ही श्रमदान म्हणतो, त्यात कुणाची मजुरी बुडते का, हे पाहायला हवे. दुसऱ्या वर्षापासून आम्ही मोठी घाणेरी खणण्याचे काम मजुरीवर व्हावे म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज केला. एक वर्ष ते झाले, एक वर्ष झाले नाही. मुलांनी आपल्याकडे ठेवले ते मागचे काम, म्हणजे खणलेल्या जागी उगवणारी रोपे वेचणे. बुलबुल आणि साळुंक्या फळे खाऊन झाडावर बसतात, आणि त्या झाडाखाली घाणेरीची रोपे उगवतात. तेव्हा आधी पाहायचे ते मोठ्या झाडाच्या सावलीत. हे काम दोन-तीन पावसाळे चिकाटीने करावे लागते. एरवी मोकळी झालेली जागा गाजर गवताला आंदण दिल्यासारखे होते. म्हणून आम्ही तेथे मारवेल आणि पवन्याचे बी टाकतो.

यंत्र, औषध यांखेरीज किड्यांचाही उपाय आहे. फड्या निवडुंगाने दक्षिणेत रानेच्या राने अडवली होती. १९२६ साली श्रीलंकेतून एक कोचिनील किडा आणला गेला आणि त्याने ते निवडुंग फस्त केले. गाजर गवतासाठी मेक्सिकोचा भुंगेरा १९८३ साली बंगळूरला आणला, पुढल्या वर्षी सोडला. पावसाळ्यात तो पाने चाळणीसारखी करतो, उरलेला काळ मातीत दडून असतो. तो दिसला तर मारू नये, एवढे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे. शाळेच्या कुंपणाशी टाकळा, ज्याला कोणी तरोटा म्हणतात, त्याचे बी टाकले तरी गाजर गवत हटते.

वेड्या बाभळीला मात्र आम्ही अजून हात लावलेला नाही. ओढ्याकाठची ती झुडपे गावातल्या कित्येक चुलींचे जळण आहेत. मावशींच्याही. आधी त्यांच्याशी बोलणे व्हायचे आहे.

यंदा मृग लागला की पहिल्या वाफशाला आम्ही टेकडीच्या उत्तर अंगाला जाऊ. तेथे चिंचेखाली रोपे फार झाली आहेत.