आयर्लंडचे हार्प आणि आमची वाघनखे



भातसेच्या काठी राहणाऱ्या मंडळींना आयर्लंडमधल्या एका जुन्या वाद्याची कथा सांगण्याचे आम्हाला काय कारण, असा प्रश्न फलकावरचा विषय वाचून काहींना पडला असेल. एकाने तर स्टेशनवरच आम्हाला विचारले, "वाजवून दाखवणार का?" वाजवून दाखवणे आम्हाला शक्य नाही, आणि ते वाद्यही आज कोणी वाजवत नाही. पण त्याची हकिकत ऐकल्यावर ती आपल्याच घरची आहे असे आपल्याला वाटल्यावाचून राहणार नाही.

डब्लिन शहरात ट्रिनिटी कॉलेज नावाचे जुने विद्यालय आहे. त्याच्या ग्रंथालयात काचेच्या पेटीत एक हार्प ठेवलेले आहे. उंची जेमतेम आपल्या गुडघ्याच्या वर, पोट विलो झाडाच्या लाकडाचे, पुढचा खांब ओकचा आणि तारा पितळेच्या. लोक त्याला ब्रायन बोरूचे हार्प म्हणतात. ब्रायन बोरू हा आयर्लंडचा थोर राजा. 1014 साली क्लॉन्टार्फच्या रणात तो पडला. त्याच्या मुलाने हे वाद्य रोमला पोपकडे नेले, पुढे पोपने ते इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला दिले, अशी मोठी रसाळ दंतकथा त्या वाद्याभोवती विणलेली आहे.

दंतकथेत एकच उणे आहे. जाणकारांनी लाकूड आणि कोरीव काम तपासून हे वाद्य चौदाव्या किंवा पंधराव्या शतकातले ठरवले. म्हणजे राजा जाऊन निदान 300 वर्षे झाल्यावर ते घडले. संग्रहालयही हे लपवीत नाही. आणि मौज अशी की, म्हणून कोणा आयरिश माणसाचे त्यावरचे प्रेम तसूभरही कमी झाले नाही. 1922 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा राजमुद्रेसाठी याच वाद्याची आकृती घेतली. 1928 च्या नाण्यांवर हार्प आले. ती नाणी निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष कवी येट्स होते. आज पारपत्रावर आणि युरो नाण्यावरही तेच आहे. एका प्रसिद्ध मद्यकंपनीने त्याच हार्पची खूण 1876 सालीच नोंदवून ठेवली होती. म्हणून सरकारी हार्पचे तोंड एका दिशेला आणि बाटलीवरचे दुसऱ्या दिशेला! राष्ट्राला बाजू बदलून बसावे लागले, कंपनीला नाही.

आता थोडे मागे जाऊ. आयर्लंडसाठी पाडलेल्या नाण्यांवर हार्प प्रथम उमटवले ते आठव्या हेन्रीने, म्हणजे जेत्याने. 1603 नंतर ते इंग्लंडच्या राजचिन्हातही जाऊन बसले. पुढे 1791 साली युनायटेड आयरिशमन नावाच्या क्रांतिकारकांनी त्यावरचा मुकुट काढून टाकला आणि तेच चिन्ह आपले केले. जेत्याची खूण जितांनी उलटवावी, हे आपल्याला नवे नाही. 'होमरूल' हा शब्दच लोकमान्य टिळकांनी 1916 साली आयर्लंडच्या चळवळीतून उचलला होता.

पण या सगळ्या गडबडीत वाजवणाऱ्यांचे काय झाले? 1792 च्या जुलैत बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरवला, तेव्हा साऱ्या आयर्लंडमधून दहाच वादक जमले. त्यांतले बरेच म्हातारे आणि अंध होते. त्यांतला डेनिस हेम्प्सन नव्वदीच्या पुढचा, लहानपणी देवीने दृष्टी गेलेला. पितळेच्या तारा जुन्या पद्धतीने लांब वाढवलेल्या नखांनी वाजवणारा तो त्या मेळ्यात एकटाच होता. एडवर्ड बंटिंग नावाचा 19 वर्षांचा एक पोरगा शेजारी बसून त्या चाली कागदावर उतरवून घेत होता. तो नसता तर आज त्यांतले काय उरले असते कोण जाणे. झेंड्यांवर हार्प झळकत होते तेव्हा खरे हार्प मरत होते, हे विसरू नका. आम्हाला पुढे त्याचा उपयोग आहे.

नखांवरून आपल्या नखांकडे वळतो.

2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे 3 वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. आम्हीही गेलो. पुष्कळ वेळ रांगेत उभे राहिलो. पोलादाच्या चार नख्या, बोटांत घालायच्या अंगठ्या, वस्तू तळहाताएवढी. पुढच्या एका बाईंनी चपला काढून हात जोडले. आमचेही हात आपोआप जुळले, हे कबूल केलेच पाहिजे.

ही वाघनखे लंडनला कशी गेली? त्यांच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर सांगतो की, साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती पेशव्याच्या प्रधानाने दिली. हा ग्रँट डफ म्हणजे 1826 साली मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. त्याच मजकुरात असेही आहे की, या नखांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारले. श्रोतेहो, खान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशहाचा होता, हे खडवलीच्या शाळेतले पोरही सांगेल! मजकूर लिहिणाराला इतकेही ठाऊक नसेल, तर त्याच्या बाकीच्या वाक्यावर किती भार टाकायचा? खुद्द त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे की, 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली वापरलेली वाघनखे हीच, असे सिद्ध करता येत नाही.

म्हणून प्रसंग खोटा ठरतो काय? मुळीच नाही. सभासदाने महाराजांनंतर काही वर्षांतच जिंजीत बसून बखर लिहिली, तीत डाव्या हातातले वाघनख आणि उजव्या हातातला बिचवा दोन्ही आहेत. परमानंदाच्या शिवभारतात मात्र कृपाण आहे. साधनांत असा फरक असतोच; तो तोलणे हे इतिहासकाराचे काम. प्रसंग एक गोष्ट, पेटीतली वस्तू दुसरी. आम्ही या दोहोंची गल्लत करतो आणि वस्तूविषयी शंका काढणाऱ्याला प्रसंगाचा, किंबहुना महाराजांचाच शत्रू ठरवतो.

तलवारीचेही तेच. 1875-76 साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला, तेव्हा कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांकडून त्याला एक तलवार नजर झाली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे. तिला कोणी जगदंबा म्हणतात, कोणी भवानी. साताऱ्याच्या राजघराण्यातही भवानी आहेच. 1980 साली मुख्यमंत्री झालेल्या अंतुल्यांनी लंडनची तलवार आणण्याची घोषणा केली आणि मुलुखभर चर्चा उसळली. तलवार अजून तिकडेच आहे.

येथे कोणी म्हणेल, भावनेला पुरावा कशाला मागता? आम्ही भावनेला तुच्छ लेखत नाही. 1897 च्या जूनमध्ये पुण्याच्या शिवाजी उत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधाचा न्याय-अन्याय मांडला, 'केसरी'त तो छापला गेला, आणि सप्टेंबरात त्यांना 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्या प्रतीकासाठी माणसे तुरुंगात गेली, ते पोकळ कसे म्हणावे? पण टिळकांच्या हाती त्या वेळी नखे नव्हती आणि तलवारही नव्हती. वस्तूवाचून त्यांचे अडले नाही. मग खात्री नसलेल्या वस्तूखाली 'खात्री नाही' एवढे दोन शब्द लिहायला आम्ही का कचरावे? डब्लिनकरांनी ते लिहिले. त्यांचे हार्प नाण्यावरून उतरले नाही.

आता मघाचा धागा. खऱ्या हार्पांची जी गत झाली, ती आमच्या खऱ्या वस्तूंची होत आहे. जिच्याविषयी कोणालाही शंका नाही अशी एक वस्तू आपल्याला येथून फार दूर नाही. वासिंद सोडले की आसनगाव, आणि तेथून दिसतो तो माहुली. 1636 साली शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा झगडा याच गडावरून दिला. 1665 च्या पुरंदरच्या तहात द्याव्या लागलेल्या 23 किल्ल्यांत हा होता. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. प्रतापगड त्यांत आहे, माहुली नाही. या गडाला काचेची पेटी नाही आणि त्याच्यासाठी रांगही लागत नाही. या सभेतल्या किती जणांनी तो चढला आहे? हात वर करा... नऊ. आणि वाघनखे किती जणांनी पाहिली? पाहा, मोजवत नाहीत!

येत्या रविवारी येथली काही तरुण मंडळी पहिल्या लोकलने माहुलीला निघणार आहेत. तटावर वाढलेली झाडे, बुजलेली टाकी आणि पडलेले दरवाजे वहीत टिपून घ्यायचे, एवढाच बेत आहे. बंटिंगसारखा एखादा 19 वर्षांचा पोरगा त्यांत असला तर आम्हाला फार आनंद होईल. ऊन कडक आहे. पाणी प्रत्येकाने आपापले घ्यावे.