मुलांना दिलेला शब्द

(वर्षावासात विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितलं की मुलांच्या शिक्षणावर दोन शब्द बोला. आता आम्ही पडलो गिरणी कामगार. साचाखात्यात आयुष्य गेलं. शिक्षण दहावी, बाकीचं जे काही झालं ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिती भाषण आम्हाला जमणार नाही. शिवाय मुलांनी अभ्यास करावा, मोबाईल कमी बघावा, हे सांगायला वर्षाचे बारा महिने कुणी ना कुणी या माईकपुढं उभं राहतंच, आणि मुलं बिचारी ऐकून घेतात. म्हणून आज आम्ही मुलांना काही सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते मोठ्यांशी, आणि त्यात पहिला नंबर आमचा स्वतःचा.

ज्यांनी गिरणीत काम केलं आहे त्यांना ठाऊक असेल. रिंगवर धागा सारखा तुटायला लागला की जॉबर सायडरवर ओरडतो. पण पुष्कळदा दोष मागं कार्डिंगला असतो. तिथं कापूस नीट पिंजला गेला नाही, बारीक गाठी राहिल्या, की पुढं सायडर कितीही हुशार असू द्या, धागा तुटणारच. आपण दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलाला ओरडतो. तो चौदा-पंधरा वर्षं मागं कार्डिंगमधून कसा आला, ते कोण बघतो?

आपल्या वस्तीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं. "आपल्या पोरांना धीर नाही. आज मिळालं तर हवं, उद्याचा विचार नाही." आम्हीही हे पुष्कळदा बोललो आहोत. आमची पुतणी मानसशास्त्र शिकते. ती इंग्रजी लेख वाचते, मराठीत समजावून सांगते आणि आम्ही वहीत उतरून घेतो. तिने एक प्रयोग सांगितला आणि आमचं हे बोलणं बंद झालं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६०-७०च्या सुमारास बालवाडीतल्या मुलांपुढं एक खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं जास्त वेळ थांबली ती पुढं शिक्षणात पुढं गेली, असं त्यातून निघालं. झालं! जगभर लोक म्हणू लागले की धीर हा मुलाचा गुण आहे. ज्याच्यात आहे तो पुढं जाणार, ज्याच्यात नाही तो मागं. पण २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती घेऊन हा हिशेब पुन्हा तपासला. मुलाच्या घरची परिस्थिती धरली तेव्हा त्या धीराचं पुष्कळसं माहात्म्य उतरलं.

आणि त्याच्याही आधी, २०१३ साली, रॉचेस्टर विद्यापीठातून सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं घेतली. त्यांना चित्र काढायला जुनेपाने खडू दिले आणि सांगितलं, जरा थांबलास तर मी चांगलं सामान आणून देते. निम्म्या मुलांना ती बाई खरोखर चांगलं सामान आणून देई. उरलेल्या निम्म्यांकडे ती रिकाम्या हाताने परत येई आणि म्हणे, माफ कर, सामान नाही. असं दोनदा झालं. मग तोच खाऊचा खेळ. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती सरासरी ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटात चौदापैकी नऊ, दुसऱ्या गटात एक.

बंधूंनो, ही मुलं काही वेगवेगळ्या मातीची नव्हती. अर्ध्या तासात कुणाचा स्वभाव बदलत नाही. बदलला तो मुलांचा हिशेब. ज्या माणसाने दोनदा सांगितलं आणि आणलं नाही, त्याच्या तिसऱ्या शब्दावर हातातला खाऊ कोण सोडील? तुम्ही-आम्ही तरी सोडू का? आपण ज्याला अधीरपणा म्हणतो तो पुष्कळदा मुलाचा शहाणपणा असतो, आणि तो त्याला आपणच शिकवलेला असतो.

हे ऐकलं त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. १९८२ सालच्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही सातवीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात आमचे वडील. आम्हाला शाळेत भूमितीसाठी कंपासपेटी लागत होती. वडील म्हणाले, "संप मिटला की पहिल्या पगाराला." संप मिटला नाही. तो आजतागायत रीतसर मागं घेतलेला नाही, हे तुम्ही जाणता. आम्ही आईच्या बांगडीने वर्तुळ काढलं. मग "दिवाळीला" झालं, मग "गावाकडून पैसे आले की" झालं. वडील खोटं बोलत नव्हते. त्यांना प्रत्येक वेळी खरंच वाटत होतं. पण लहान मुलाला मनातलं कळत नाही, त्याला हातात काय आलं ते कळतं.

१९८५ साली आम्ही दहावी झालो. आयटीआयच्या यादीत नाव लागलं, फिटरचा दोन वर्षांचा कोर्स. त्याच आठवड्यात एका गोदामात हमालीचं रोजंदारी काम मिळत होतं, संध्याकाळी रोख पैसे. आम्ही गोदामात गेलो. घरातून कुणी जबरदस्ती केली नव्हती. आई तर म्हणत होती, "शिक बाबा, काढू दोन वर्षं कशीबशी." पण दोन वर्षांनी काहीतरी मिळेल, यावर आमचा विश्वासच बसेना. हातात पडेल ते आपलं, एवढंच ठाऊक. पुढं १९८८ला गिरणीत बदली लागलो, आणि २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला यंत्रं थांबली ती थांबलीच. त्या एका आठवड्यातल्या निर्णयाला आम्ही आजवर गरिबी म्हणत होतो. गरिबी होतीच. पण त्यात ती न आलेली कंपासपेटीही होती.

कुणी म्हणेल, मग गरीब बापाने काय करायचं? खिशात पैसा नाही तर शब्द पाळायचा कसा? प्रश्न रास्त आहे. इथं बाबासाहेबांचं बालपण डोळ्यांपुढं आणा. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे, बसायचं गोणपाट घरून न्यायचं आणि घरी परत आणायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाही तर नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे बाहेरचं जग त्या मुलाला रोज सांगत होतं की, तू हात लावू नकोस. आणि घरात काय होतं? परळच्या डबक चाळीतली एक खोली. सुभेदार रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत, कारण तेव्हाच खोली शांत असे. पुस्तक लागलं की रामजीबाबा लेकीकडे जात, पैसे उसने आणत, प्रसंगी तिचा दागिना गहाण ठेवत, पण पुस्तक घरी येई. आपण या गोष्टीतून नेहमी बाबासाहेबांची जिद्द सांगतो. आम्हाला अलीकडे त्यात रामजीबाबा जास्त दिसतात. पेन्शनीवरचा माणूस, मुलाला देण्यासारखं फार नव्हतं. पण जे देतो म्हटलं ते त्या खोलीत पोहोचत होतं.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला, तोही सांगितला पाहिजे. सहावी-सातवीतले ६४२ मुलगे, निम्मे वरच्या म्हणवणाऱ्या जातींचे, निम्मे आपल्यासारखे. कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढायची. जात न सांगता कोडी दिली तेव्हा दोघांत फरक नव्हता. मग सगळ्यांदेखत मुलाचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि जात पुकारली, आणि दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. डोकं तेच, कागद तोच. हे वाचून आम्हाला राग आला आणि एक समाधानही वाटलं. समाधान एवढ्याचसाठी की आपल्या मुलांच्या बुद्धीत काही खोट नाही, हे त्या पहिल्या फेरीत लिहून ठेवलं गेलं. बाहेरचा तो पुकारा आपण एका दिवसात बंद करू शकत नाही. त्यासाठी लढा चालूच आहे आणि चालू राहील. पण घरातही आपण एक पुकारा करतो, त्याचं काय?

आता आमचा गुन्हा सांगतो. आमचा मुलगा पाच वर्षांचा होता. आम्ही रात्रपाळी करून झोपलो होतो. त्याने गजराचं घड्याळ उघडलं, चाकं, स्प्रिंग सगळं फरशीवर ओळीनं मांडलं आणि आम्हाला उठवून दाखवायला लागला, "बाबा, यात एवढी चाकं हायेत!" आम्ही त्याला मारलं. घड्याळ होतं सव्वाशे रुपयांचं. त्यानंतर त्याने घरातली एकही वस्तू उघडली नाही. प्रत्येक गोष्टीला विचारायचा, "हात लावू का?" आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांत अभिमानाने सांगायचो, पोरगं फार सालस आहे, विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, उत्तर येत असतं पण हात वर करत नाही. बारावीनंतर काय करायचं विचारलं तर म्हणाला, "तुम्ही सांगाल ते." तेव्हाही आम्हाला बरंच वाटलं! आज त्याची मुलगी तीन वर्षांची आहे. परवा तिने कुकरची शिट्टी काढून तोंडात धरली आणि फुंकून बघत होती. तो ओरडला, "हात लावू नको!" आवाज हुबेहूब आमचा. पोरगी दचकली. आम्ही जेवता जेवता ताट बाजूला सारलं.

चूल, विळी, स्टोव्ह, विजेचा बोर्ड यांपासून मुलाला लांब ठेवलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आपण नव्वद वेळा ओरडतो ते धोक्यासाठी नव्हे, आपल्या त्रासासाठी. दहा बाय बाराच्या खोलीत पसारा परवडत नाही, बाई कामावरून दमून आलेली असते, हे आम्हाला कळतं. तरीसुद्धा मूल हात लावून, उलटून, पाडून शिकतं. त्याला दुसरी शाळा नाही.

आणि त्याला महागडी खेळणी लागत नाहीत, हे माता-भगिनींना मुद्दाम सांगायचं आहे. जमैका देशात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली, नऊ महिने ते दोन वर्षांची. काही घरांत नुसता पोषण आहार दिला, दर आठवड्याला दुधाच्या पावडरीतून. काही घरांत वस्तीतलीच एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई, आईला घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवी आणि बाळाशी बोलायचं कसं, खेळायचं कसं, त्याला शाबासकी कशी द्यायची ते करून दाखवी. काही घरांत दोन्ही दिलं, काहींत काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी त्या पोरांना पुन्हा शोधून काढलं. ज्या घरांत ती बाई खेळ घेऊन गेली होती त्या मुलांची कमाई, ज्यांच्याकडे ती गेली नव्हती त्यांच्यापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त! नुसत्या दुधाचा असा परिणाम पुढं टिकलेला दिसला नाही. (याचा अर्थ मुलाला दूध देऊ नका असा कुणी काढू नये. पोट भरलंच पाहिजे.)

हे ऐकून आम्हाला आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी हेच काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि शिंपले, बिया, माती हीच साधनं केली. आपल्या अंगणवाडीच्या ताई तेच काम करतात, तेव्हा त्यांच्याकडे खिचडी वाटणारी बाई म्हणून बघू नका. आणि ज्यांची पोरं मोठी झाली त्यांनीही हातपाय गाळू नयेत. आमचा मुलगा आता घरी मिक्सर उघडून बसतो. एकदा दुरुस्त झाला, एकदा कायमचा गेला. तुटलेला धागा सांधता येतो, सायडरचं कामच ते.

आता शेवटचं, आणि हे समितीतल्या काही जणांना कदाचित आवडणार नाही. गेल्या भीमजयंतीला याच माईकवरून आपण जाहीर केलं की मे महिन्यात मुलांची सहल वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला न्यायची. तिथं यंत्रांना हात लावता येतो, चाकं फिरवून बघता येतात, म्हणून आम्हीच ते सुचवलं होतं. ४१ मुलांनी नावं दिली. मे गेला, जून गेला. कुणाला वेळ नव्हता, वर्गणी मंडपावर संपली, आणि मुलांना कुणी काही सांगितलंही नाही. गेल्या रविवारी चित्रकला स्पर्धा जाहीर केली, तर नावं आली नऊ. समितीच्या बैठकीत एकजण म्हणाले, हल्लीच्या मुलांना उत्साहच नाही. आम्ही गप्प बसलो, कारण आम्हीही त्या समितीत आहोत.

तसंच ते पुस्तकांचं कपाट. मुलं फाडतील म्हणून त्याला कुलूप आहे आणि किल्ली खजिनदारांच्या घरी. मुलं काचेतून पुस्तकांची नावं वाचतात. काल आम्ही खजिनदारांकडे गेलो, बसलो, दोन चहा झाले, आणि ही किल्ली घेऊन आलो. ती आजपासून इथं खिळ्यावर राहील. पुस्तक फाटलं तर रविवारी खळ आणि कागद घेऊन आम्ही चिकटवायला बसू, फाडणाऱ्यानेही शेजारी बसायचं.

आणि बालमित्रांनो, तुम्हाला काही सांगणार नाही म्हणालो होतो, पण एवढं ऐका. तुमची ती ४१ नावांची वही आमच्याकडे आहे. सहल का झाली नाही? आम्ही मोठ्यांनी हलगर्जी केली म्हणून. येत्या रविवारी सकाळी साडेसातला विहाराच्या फाटकाशी गाडी उभी असेल. तिचे पैसे भरले आहेत, पावती ही बघा. पुढं येऊन हातात घेऊन वाचा, आणि तारीख बरोबर लिहिली आहे का तेही बघा.