पाळवणकर बाळू : बळी आणि मजुरी



कामगार चळवळीतल्या माणसाने क्रिकेटवर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण वर्गात थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. खेळातले आम्ही अधिकारी पुरुष नव्हे. परंतु कसब, मजुरी आणि मान या तीन रकान्यांचा हिशेब मांडण्यातच आमची उमर गेली. आणि ज्या गोलंदाजाविषयी आज बोलायचे आहे, त्याचा हिशेब या तिन्ही रकान्यांवाचून पुरा होत नाही.

प्रथम कसबाचा रकाना पाहू. १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला. हिंदू, मुसलमान, पारशी, शीख असे सारे एका संघात होते. त्या दौऱ्यात पाळवणकर बाळू यांनी ११४ बळी घेतले, दर बळीमागे १८.८४ धावा देऊन. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत आठ गडी टिपले. वय पस्तिशीचे, हवा परकी, खेळपट्ट्या अनोळखी. संघ मात्र २३ सामन्यांपैकी सहाच जिंकला. कर्णधार महाराज बहुतेक सामने खेळलेच नाहीत. त्यांना मेजवान्या होत्या. गोलंदाजाला एकामागून एक षटके होती.

हे कसोटी सामने नव्हते. भारताचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. म्हणून कसोटीच्या कोष्टकात त्यांचे नाव शोधू नये. ते तेथे नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, एवढी त्यांची नोंद आहे.

हे कसब आले कोठून? आपल्या पुण्यातून. वडील लष्करात चाकरीला, जात चांभाराची. बाळूंनी पहिली नोकरी धरली ती पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, कधीमधी सभासदांना चेंडू टाकायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये झाले. कामे तीच, शिवाय जाळी लावायची, पट्ट्या आखायच्या. साहेब लोकांना सराव हवा असे, म्हणून रोज तासन्‌तास गोलंदाजी.

चेंडू डाव्या हाताचा, मंद. हवेत किती वेळ तरंगत ठेवायचा, किती वळवायचा, वेग कोठे चोरायचा, हे त्या तासांत बोटांना कळले. आम्हांस तर असेही वाटते, की ज्याने खेळपट्टी स्वतःच्या हातांनी भिजवली आणि दाबली, त्याला तिची नस कोणत्याही पुस्तकी खेळाडूपेक्षा अधिक ठाऊक असली पाहिजे. साताऱ्याच्या युरोपियनांनी बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून कित्येक दिवस आधीपासून खेळपट्टीवर रोलर फिरवला होता, असे सांगतात; तरीही बाळूंनी सात गडी बाद केले.

आता मजुरीचा रकाना. क्लबातला नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग. बाळूंनी आपल्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर गणित सोपे आहे : साहेबाला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला! गिरणीतल्या उक्त्या मजुरीहून हे निराळे नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. इतक्या वर्षांत त्या जाळीत बाळूंना फलंदाजी करायला कोणी दिली नाही. बॅट साहेबांची, चेंडू नोकराचा. घाम गाळायचे काम एका वर्गाचे आणि धावा मिरवायचे काम दुसऱ्याचे, ही वाटणी आम्ही पुढे कारखान्यांतही पाहिली.

तिसरा रकाना मानाचा, आणि तोच सर्वांत रिता. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवा, हे पुण्याच्या हिंदू खेळाडूंना पटले आणि त्यांनी त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाळूंना बाहेर, मातीच्या पेल्यात चहा. जेवणाचे पान वेगळे. चेंडू चालतो, हात चालत नाही! न्यायमूर्ती रानड्यांनी साताऱ्याच्या विजयानंतर त्यांच्या गळ्यात हार घातला, असे सांगितले जाते. हार गळ्यात पडला म्हणून पेला बदलतोच असे नाही.

पुढे बाळू मुंबईस गेले. रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याकडून खेळ. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. दुसऱ्या डावात साहेब लोक १०२ धावांत आटोपले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, त्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता. परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद? ते बाळूंना कधीही मिळाले नाही. ११४ बळी घेणारा हात संघ चालवायला मात्र अपात्र ठरला.

आणि येथेच आम्हां कामगारांच्या ओळखीची गोष्ट घडते. १९२० साली चौरंगी सामने भरले. बाळूंना वगळले गेले, आणि त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांचा हक्क डावलून नेतृत्व दुसऱ्याकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. याला आमच्या भाषेत काम बंद म्हणतात! ते लागू पडले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून सन्मानाने बोलावले गेले, आणि कर्णधार पै काही वेळ स्वतःहून मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी नेतृत्व बाळूंच्या हाती आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. बाळूंच्या बळींनी जे झाले नाही, ते भावांच्या नकाराने झाले. आमच्या मते या साऱ्या हकीकतीचे सार एवढेच आहे. कसब दाखवले की मान आपोआप चालत येतो, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. तो चालत येत नाही. कसबाने दार ठोठावता येते. दार उघडायला चार माणसांना मिळून बाहेर उभे राहावे लागते.

राजकारणात बाळूंचा मार्ग निराळा झाला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांनी एकेकाळी सत्कार केला, त्यांच्याशीच सामना. दोघांपैकी कोणाच्याही कार्याचे मोल त्याने उणे होत नाही. ४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत वारले.

आज मातीचा पेला गेला, असे आपण म्हणतो. आमच्या फिरतीत आम्ही असे कारखाने पाहतो, जेथे कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर राबतात. माल एकच निघतो, पण उपाहारगृहातले टेबल वेगळे. झाडू मारणाऱ्या बाईंना तर टेबलच नाही. घरी गेल्यावर आपल्या मोलकरणीच्या चहाचा कप कोणत्या फळीवर असतो, तेही प्रत्येकाने पाहावे. बाळूंचे ११४ बळी पाठ असणे चांगलेच. त्या फळीवरचा कप खाली आणणे त्याहून चांगले.