उसन्या पिसांचा कावळा

काम चौघींनी करायचं आणि नाव एकीचंच व्हायचं, हे आपल्याला काही नवं नाही. आज अशीच एक गोष्ट सांगते, चारशे वर्षांपूर्वीच्या लंडन शहरातली.

तिथे रॉबर्ट ग्रीन नावाचा नाटककार होता. केंब्रिज विद्यापीठात शिकलेला. १५९२ साली तो फार हलाखीत वारला. त्याच्या मागे त्याच्या नावानं एक पुस्तिका निघाली. तिच्यात एका नव्या नाटककारावर आग पाखडली होती. हा तर नुसता नट, आमची पिसं लावून मिरवणारा कावळा, असा रोख! नाव उघड घेतलं नव्हतं, पण शब्दांचा खेळ करून सुचवलं होतं. तो नट म्हणजे विल्यम शेक्सपिअर. हातमोजे करणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला.

आता गंमत ऐका. ही पुस्तिका छपाईसाठी तयार केली हेन्री चेटल यानं. लोक म्हणू लागले, ग्रीनच्या नावावर यानंच लिहिलं असेल. चेटलनं ते नाकारलं. पण संशय आजही पुरता फिटलेला नाही. दुसऱ्याला चोर म्हणणारं लिखाणच कुणाचं, हा वाद!

मग शेक्सपिअर खरंच चोर होता का? त्यासाठी तेव्हाची रीत पाहू. नाटक मंडळ्यांना सारखी नवी नाटकं लागत. म्हणून दोघं-तिघं मिळून एक नाटक लिहीत. मंडळीला ते विकलं, की लिहिणाऱ्याचा हक्क संपला. छापील प्रतीवर पुष्कळदा त्याचं नावही नसे. नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्सलो मात्र हिशेबाची वही ठेवायचा. कोणत्या नाटकाचे कुणाला किती पैसे दिले, ते तिच्यात आहे. कितीतरी जोडलेखक त्या वहीमुळेच आपल्याला कळले.

शेक्सपिअर गेल्यावर, १६२३ साली, त्याच्या सोबतच्या नटांनी त्याची ३६ नाटकं एका ग्रंथात छापली. वर नाव एकट्याचंच. पुढे २०१६ साली ऑक्सफर्डच्या संपादकांनी त्यातल्या ‘सहावा हेन्री’च्या तिन्ही भागांवर ख्रिस्तोफर मार्लो याचंही नाव घातलं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. मार्लो तर १५९३ सालीच मारला गेला होता. त्याला विचारणार कोण?

म्हणून म्हणते, गटाच्या वहीत पैशांबरोबर कुणी कोणतं काम केलं, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा. मागाहून भांडण नको, आणि कुणाचा घाम बिननावाचा राहायला नको.