सस्पेन्स खात्यातल्या भावना

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कोजागिरीच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून.)



रौप्यमहोत्सवी वर्षातल्या आधीच्या वक्त्यांनी मधुमेह, इच्छापत्र आणि पुनर्विकास हे विषय घेतले. सेक्रेटरीसाहेबांनी मला 'बँकेतील दिवस' असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. बँकेतले दिवस मी लिफ्टमध्ये सुद्धा सांगतो, त्यासाठी माईक कशाला? आज मला बोलायचं आहे ते ज्यांच्या भावना इतरांपेक्षा तीव्र असतात, ज्यांच्या मेंदूची घडणच थोडी निराळी असते, अशा माणसांबद्दल. अशी माणसं आपल्या दोन्ही विंगमध्ये आहेत. त्यातला एक आमचा नातू. त्याचं वय चौदा. त्याची परवानगी घेऊनच बोलतो आहे. "नाव घेऊ नका आबा, बाकी चालेल," असं त्याने सांगितलंय.

पहिल्यांदा शब्दांचा हिशेब करू. ऑटिझम, म्हणजे ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जाणं. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असून वाचन-लेखनात अडखळणं. 'तारे जमीन पर' २००७ साली आला तेव्हा हा तिसरा शब्द घरोघरी पोचला. या सगळ्यांना मिळून आता 'न्यूरोडायव्हर्जन्ट' म्हणतात. 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही कल्पना १९९० च्या दशकात पुढे आली. तिचा गाभा सोपा आहे : माणसांच्या उंचीत, रंगात जसा फरक असतो तसा मेंदूच्या घडणीतही असतो.

ऑटिझमचं सविस्तर वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली केलं. त्यानंतर बरीच वर्षं वैद्यकशास्त्रातली काही मोठी माणसं असं म्हणत होती की आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं. ते मत आता पूर्ण निकालात निघालं आहे. लसीमुळे ऑटिझम होतो हेही खोटं ठरलं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण आजही जिन्यात कुणीतरी सुनेला विचारतंच, "गरोदरपणी मोबाईल फार बघितलास का ग?" मंडळी, त्या पोरीला हा प्रश्न विचारू नका. तिच्याकडे उत्तर देण्याइतकी झोप शिल्लक नसते.

आता मुख्य मुद्दा, शरीराचा. आपल्याला पाच ज्ञानेंद्रियं शाळेत शिकवली. पण शरीराच्या आत काय चाललंय याचीही एक जाणीव असते. भूक, तहान, लघवीची घाई, छातीची धडधड, पोटात आलेला गोळा, या सगळ्याची खबर मेंदूला सतत जात असते. तिला इंग्रजीत 'इंटरोसेप्शन' म्हणतात. आपण 'अंतर्जाणीव' म्हणू. शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ सालच्या आपल्या ग्रंथात शरीराच्या आतल्या संवेदनांचा हा वेगळा वर्ग मांडला. भावना ओळखण्याशी या जाणिवेचा जवळचा संबंध आहे. राग आला हे आपल्याला कळतं ते बऱ्याचदा कानशिलं तापली, जबडा आवळला म्हणून.

आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला अलार्म आहे. टाकी भरत आली की तो वाजतो आणि वॉचमन पंप बंद करतो. काही माणसांचा आतला अलार्म टाकी ओसंडून जिन्यात पाणी आल्यावर वाजतो. नातवाचं तसं होतं. सकाळपासून भूक लागलेली असते, शाळेत घंटा, गोंगाट, घामट गणवेश, सगळं साठत जातं, त्याला पत्ता नसतो. संध्याकाळी कुणीतरी साधं "दप्तर उचल रे" म्हणतं आणि स्फोट होतो. बघणाऱ्याला वाटतं, दप्तरावरून एवढा तमाशा! उलट काहींचा अलार्म नको इतका तिखट असतो. काळजाचा एक ठोका चुकला तरी त्यांना वाटतं, आता संपलं.

आणि काहींना आत काहीतरी चाललंय हे कळतं, पण त्याला नाव देता येत नाही. यालाही शास्त्रात नाव आहे, 'अॅलेक्सिथायमिया', म्हणजे भावनेला शब्द न सापडणं. ऑटिझम असलेल्या सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना हा त्रास असतो.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. एखादी रक्कम आली आणि ती कुठल्या खात्याला जमा करायची हे कळलं नाही, की आम्ही ती सस्पेन्स खात्याला टाकायचो. त्यात गैर काही नाही. पण ती नोंद तिथेच पडून राहिली तर ऑडिटर विचारतो, ही किती दिवसांची? भावनांचंही असंच आहे. लगेच नाव सापडलं नाही तरी चालेल. 'छातीत जड वाटतंय, वेळ दुपारी चार' एवढीच नोंद करून ठेवा. खातं नंतर सापडतं.

आमच्या घरी तशी वही आहे. तीन रकाने : वेळ, शरीरात काय वाटलं, आधी काय घडलं होतं. पहिल्या महिन्यात काही कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात दिसलं की नातवाचे बहुतेक वाईट दिवस म्हणजे डबा परत आलेले दिवस. आता घरात शिरल्यावर अभ्यासाचं विचारण्याआधी त्याच्या हातात थालीपीठ पडतं. अर्धे स्फोट तिथेच थांबले. उरलेले अर्धे आहेतच, ते मी लपवणार नाही.

या वहीत दुसऱ्या पानावर माझ्या नोंदी असतात. त्याचं असं झालं, नातवाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी एक प्रश्नावली दिली होती. कपड्याचं लेबल टोचतं का, मिक्सर लागला की कान झाकतो का, गर्दीनंतर एकटं बसावंसं वाटतं का. सूनबाई प्रश्न वाचत होती, मी सोबत बसलो होतो. चार-पाच प्रश्नांनंतर ती हसायला लागली. "बाबा, हा फॉर्म आपण त्याचा भरतोय की तुमचा?"

खरंच होतं ते. मी नोकरीला लागलो तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. रात्री उशिरापर्यंत लेजर जुळवायची, फॅसिट यंत्रांची खटखट, ट्यूबलाईटची गुणगुण, चहा-सिगरेटचा वास. सहकारी गप्पा मारत काम करायचे. माझ्या मात्र अंगावर ते आवाज खडे मारल्यासारखे यायचे. मी दहा मिनिटं रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांमध्ये जाऊन उभा राहायचो आणि परत येऊन बॅलन्स टॅली करायचो. निरोप समारंभात भाषण माझं आणि रडूही माझंच. कुणी 'हळवा' म्हणे, कुणी 'तिखट'. मी डॉक्टरांकडून कोणतंही निदान करून घेतलेलं नाही आणि या वयात मला प्रमाणपत्र नको आहे. पण सत्तरी ओलांडल्यावर स्वतःची नीट ओळख झाली याचं समाधान फार मोठं आहे. नातवालाही एक सोबती मिळाला. "आबा, तुमची टाकी किती भरली?" असं तो विचारतो आणि मी खरं उत्तर देतो.

शरीराला शांत करायचे उपाय आपल्याकडे जुनेच आहेत. झोपाळा घ्या. पूर्वी वाड्यात माणसं दुपारी तासभर झोके घेत बसायची, त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. मग आपल्या बागेत एखादं मूल हात फडफडवतं किंवा पुढे-मागे डोलतं, त्याकडे बघत का राहायचं? शरीराला लय मिळाली की त्याला बरं वाटतं. आपण पाय हलवतो, जपमाळ ओढतो, तेही त्याच जातीचं. आजीची जड गोधडी घ्या. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका स्वतः ऑटिस्टिक आहेत. तरुणपणी नातेवाईकांच्या रँचवर त्यांनी पाहिलं, की दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चौकटीत गाईगुरं शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसंच यंत्र तयार केलं. काहींना असा सर्वांगावरचा दाब शांत करतो. काहींना कुणी स्पर्श केलेलाही चालत नाही. म्हणून आधी विचारायचं, मग जवळ घ्यायचं.

श्वासाचंही तसंच. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. पण एक सावधगिरी. डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्या म्हटलं की काही जणांची घाबरगुंडी वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीवर कसे टेकलेत एवढंच बघावं, पुरेसं आहे. आणि ज्येष्ठांनो, छातीत दुखलं, घाम फुटला तर 'भावना असेल' म्हणत वही शोधू नका. आधी डॉक्टर.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे हे वरदानच की! तसं नाही. तीव्रतेने जगण्यात आनंद दुप्पट असतो, तसा थकवाही. औषध, थेरपी, शाळेतली सवलत, ज्याला जे लागेल ते घ्यावं, लाज वाटू देऊ नये. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यात ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचं नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. मन फारच बिघडलं तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. फ्रिजवर लिहून ठेवा.

आता सोसायटीबद्दल. गेल्या वर्षी एका संध्याकाळी नातू जिन्यात मोठ्याने ओरडला. ग्रुपवर 'पालकांनी संस्कार करावेत' असे चार-पाच मेसेज आले. त्या रात्री सूनबाई म्हणाली, "बाबा, आपण हा फ्लॅट विकून लांब कुठेतरी जाऊ या." ज्या इमारतीचा पाया खणताना मी पेढे वाटले, ती सोडायची वेळ येते की काय असं वाटलं. आम्ही गेलो नाही, कारण दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या एका वहिनींनी बेल वाजवली आणि विचारलं, "अशा वेळी आम्ही काय करायचं ते सांगा." या प्रश्नानेच आम्हाला थांबवलं. त्याचं उत्तर आज सर्वांना देतो.

हट्ट आणि स्फोट यांत फरक असतो. हट्ट करणारं मूल मधूनच बघतं, कुणी बघतंय का. आणि वस्तू मिळाली की थांबतं. स्फोटात मुलाला प्रेक्षकांचं भानच नसतं. तेव्हा समजावू नका, "माझ्या डोळ्यांत बघ" म्हणू नका, मोबाईलवर शूटिंग तर नकोच. गर्दी हटवा, दिवा मंद करा, थोडं लांब, पण तिथेच उभं राहा. वेळ जाऊ द्या.

आणि समितीकडे तीन मागण्या. जनरेटरची चाचणी, ड्रिलचं काम, टाकी सफाई यांची सूचना आदल्या दिवशी फलकावर लावावी. आधी कळलं की अर्धा त्रास कमी होतो. गणपतीत आरतीच्या वेळी स्पीकर बंद ठेवावा, टाळ-झांजा आहेतच. आणि कार्यक्रम असेल तेव्हा सोसायटीचं ऑफिस शांत खोली म्हणून उघडं ठेवावं. तिथे मुलंच जातील असं नाही. मीही जाईन, कदाचित तुमच्यापैकी आणखी दोघे-तिघे तिथे भेटतील. या सगळ्याला एक पैसा खर्च नाही, हे निवृत्त बँक अधिकारी म्हणून प्रमाणित करतो.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, गळती काढली, सोलर बसवलं. पुढच्या पंचवीस वर्षांत इथे वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला, आणि म्हातारं होणाऱ्या प्रत्येक माणसाला, "आज मला जरा जास्त होतंय" असं शेजारच्या दाराशी सांगता यावं, एवढी इच्छा आहे.

दूध आटत आलंय, चंद्रही वर आलाय.