रंगाऱ्याची तक्रार आणि चित्रकाराचे ठिपके

पॅरिस येथील गोब्लँ हा भिंतपडदे विणणारा जुना राजाश्रित कारखाना. तेथील रंगखात्यावर १८२४ सालीं शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली, आणि त्याच्यापुढें एक तक्रार आली. काळा रंग काळा उठत नाहीं. निळ्या-जांभळ्या लोकरीशेजारीं तर तो अगदींच निस्तेज दिसतो. शेव्हरलनें बाहेरच्या कारखान्यांतील काळी लोकर आणवून ताडून पाहिली. रंगांत खोट मुळींच नव्हती. ती, खोटच म्हणावयाची तर, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती. शेजारीं निळा असला म्हणजे त्याच्या विरोधी नारिंगी रंगाची छटा डोळा काळ्यावर चढवितो आणि काळेपणा उणावतो. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून नजर पांढऱ्या भिंतीकडे वळविली, तर हिरवट-निळसर डाग दिसतो. तोहि याच जातीचा प्रकार.

शेव्हरलचा ग्रंथ १८३९ सालीं निघाला. त्याचा सर्वांत निष्ठावंत वाचक स्यूरा हा चित्रकार त्यानंतर वीस वर्षांनीं जन्मला. पॅलेटवर कालविलेले रंग मळतात. तेव्हां शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीं शेजारीं ठेवावे, मिश्रण डोळा करील, असा त्याचा हिशेब होता. सेन नदीच्या बेटावरील रविवारचें त्याचें चित्र सुमारें सात फूट उंच व दहा फूट रुंद आहे; तें १८८४ ते १८८६ या काळांत झालें. हिशेब मात्र पुरता जमला नाहीं. निळे व पिवळे ठिपके दुरून हिरवेगार न होतां करडे होऊं लागतात, कारण डोळ्यांत त्यांची सरासरीच उतरते. चित्रांत जी थरथर जाणवते ती मिश्रण अपुरें राहिल्यामुळें, आणि विरोधी रंगांच्या कडा एकमेकींना उठाव देतात म्हणून. शेव्हरल येथें खरा ठरतो.

रसायनानें मात्र दगा दिला. उन्हांतील गवतासाठीं वापरलेलें जस्ताचें नवें पिवळें कांहीं वर्षांतच तपकिरी पडलें. स्यूरा १८९१ सालीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारला. चित्र आज शिकागोच्या कलासंग्रहालयांत आहे. २००४ सालीं त्याला हात न लावतां संगणकाच्या साहाय्यानें मूळ पिवळ्याची प्रतिमा सिद्ध करण्यांत आली. त्या रविवारीं ऊन किती होतें, हें तींत दिसतें.