टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरचं दुखणं



जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडून लेकराला घेऊन माझ्याकडे आलेले आई-बाप टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं की हमखास विचारतात, "डॉक्टर, मशीननं केलं तर दुखणार नाही ना?" एका बापानं तर त्यासाठी सालभराच्या कापसावर उसने पैसे काढायची तयारी ठेवली होती. म्हणून आज त्यावरच बोलतो.

जुनी पद्धत म्हणजे साध्या हत्यारांनी गाठ सोलून काढायची आणि रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधायची. विजेच्या चटक्यानं काढली तर ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी जातं, पण आजूबाजूचं मांस भाजतं, ते नंतर दुखतं. कोब्लेशन या मशीनच्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज खेळवतात. तिथली उष्णता साधारण 60-70 अंश, चटक्याची शेकडो अंश. त्यामुळे दुखणं कमी होईल अशी मोठी आशा होती. 2017 साली वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं कोब्लेशनच्या बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या. पहिल्या दिवशी थोडा फरक दिसला, पुढे रोग्याला जाणवेल असा फारसा उरला नाही. तेवढ्यासाठी कर्ज काढू नका, असं मी त्या बापाला सांगितलं.

दुखण्याचं खरं कारण जखमेत आहे. गाठ काढलेली जागा टाके घालून मिटवत नाहीत, ती उघडीच भरते. प्रत्येक घोट तिच्यावरून जातो. घशाच्या नसेतूनच कानातही कळ जाते. कान बिघडलेला नसतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई मोबाइलच्या उजेडात घसा बघते. तिथं पांढरी साय दिसते आणि ती घाबरते, "पू झाला!" तो पू नव्हे, जखमेवरची खपली आहे. याच दिवसांत दुखणं वाढतं, लेकरू पाणी सोडतं, घसा कोरडा पडतो आणि आणखी दुखतो. म्हणून पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, घड्याळ बघून द्या, रडायची वाट बघू नका. औषधानंतर अर्ध्या तासानं गार दूध, ताक, पातळ खिचडी द्या. कोडीन असलेलं औषध लहान मुलांना मुळीच नको, त्यानं श्वास मंदावू शकतो.

पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. तोंडातून लाल रक्त आलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. पालम, सोनपेठकडच्या एखाद्या वाडीवर राहत असाल, तर मध्यरात्री गाडी कुणाची मिळेल, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.